मुलांचें व्यसनांपासून रक्षण

सायंकाळची वेळ. वडील कामावरून दमून घरीं येतात, हातपाय धुवून ओट्यावर बसतात आणि अंगणांत खेळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलास हांक मारतात, "बाळ, जा पाहूं, कोपऱ्यावरच्या टपरीवरून माझी पुडी घेऊन ये. उरलेल्या पैशांच्या गोळ्या घे तुला." मुलगा आनंदानें धांवत जातो आणि क्षणांत पुडी आणून वडिलांच्या हातांत ठेवतो. हें दृश्य आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल; कित्येकांनीं बाळपणीं स्वतः हें काम केलेंहि असेल. त्यांत कोणाच्याहि मनांत वाईट हेतु नसतो. वडिलांस मुलाच्या आज्ञाधारकपणाचें कौतुक वाटतें, मुलास खाऊ मिळतो. परंतु त्या पांच मिनिटांत तो मुलगा तीन गोष्टी शिकून येतो : पुडी कोठें मिळते, ती किती सुलभपणें मिळते, आणि वडिलांसारखा समर्थ मनुष्यहि थकला म्हणजे तिचाच आश्रय करितो. शाळेंतले धडे मुलें विसरतात; हे धडे तीं विसरत नाहींत.

पुढें आठदहा वर्षांनीं तोच मुलगा एखाद्या व्यसनांत सांपडला म्हणजे आपण संगतीस दोष देतों, काळास दोष देतों, क्वचित् शाळेसहि देतों. हे दोष सर्वस्वी खोटे आहेत असें नाहीं. तथापि 'आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार' ही म्हण उलट बाजूनेंहि तितकीच खरी आहे. आडांत जें असतें तेंच पोहऱ्यांत येतें. म्हणून मुलांचें व्यसनांपासून रक्षण कसें करावें, हा प्रश्न प्रथम घरांतच विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

व्यसन ही नुसती वाईट खोड आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर तो मेंदूचा विकार आहे. आपल्या मेंदूंत सुखाची जाणीव करून देणारी एक यंत्रणा असते. भुकेल्यास अन्न मिळालें, खेळांत जय झाला, गुरुजींनीं शाबासकी दिली, म्हणजे तेथें डोपामीन नांवाचें द्रव्य स्रवतें आणि 'हें पुन्हां कर' अशी खूण मनावर उमटते. मादक पदार्थ हीच खूण श्रमावांचून आणि स्वाभाविक सुखापेक्षां कितीतरी अधिक जोरानें उमटवितात. तंबाखूच्या धुरांतील निकोटीन झुरका घेतल्यापासून अवघ्या दहावीस सेकंदांत मेंदूस जाऊन पोंचतें. हळूहळू मेंदू ह्या जोरास सरावतो, पहिल्या मात्रेनें त्याचें समाधान होईनासें होतें, आणि पदार्थ न मिळाल्यास चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश अशीं दुःखें सुरू होतात. आरंभीं सुखासाठीं घेतलेला पदार्थ पुढें केवळ दुःख टाळण्यासाठीं घ्यावा लागतो. 'मनांत आणीन तेव्हां सोडीन' असें म्हणणारा मनुष्य बहुधा खोटें बोलत नसतो. परंतु ज्या मनाच्या बळावर सोडावयाचें, तें मनच एव्हांना बांधलें गेलेलें असतें.

मुलांस हा धोका मोठ्यांहून अधिक असतो. परिणामांचा हिशोब करून आपणांस थांबविणारा मेंदूचा पुढचा भाग सुमारें पंचविसाव्या वर्षापर्यंत पक्व होत असतो. सुखाची ओढ लावणारा भाग मात्र त्याच्या पुष्कळ आधीं जागा होतो. घोडा तरणा आणि लगाम कच्चा, अशी ही स्थिति असते. आपल्या देशांत २०१९ सालीं तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची तंबाखूविषयीं एक पाहणी झाली. तींत शेंकडा ८.५ विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखूचें सेवन करीत असल्याचें आढळलें. त्याहूनहि विचार करावयास लावणारी गोष्ट अशी कीं, खावयाची अथवा चघळावयाची तंबाखू घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ५२ जणांनीं वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तिची चव पाहिली होती. दहा वर्षांचें मूल म्हणजे चौथी-पांचवींतलें मूल. 'हायस्कुलांत गेल्यावर चार गोष्टी सांगूं' असें जे आईबाप म्हणतात, त्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

मादक पदार्थ म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें काळोख्या बोळांत गर्दची पुडी विकणारा कोणी दुष्ट मनुष्य उभा राहतो. परंतु वाट सुरू होते ती बहुधा रोजच्या पाहण्यांतल्या वस्तूंपासून. सुपारी, मावा, गुटखा, दांतांस लावावयाची मशेरी ह्या त्या वस्तु होत. महाराष्ट्रांत २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. तरी मसाल्याची पुडी व तंबाखूची पुडी निरनिराळ्या घेऊन तेंच मिश्रण तळहातावर तयार होतें. नुसती सुपारीहि निरुपद्रवी नाहीं. ती कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला आहे. ती सतत चघळल्यानें गालाची आंतील त्वचा ताठर होत जाते आणि शेवटीं तोंड पुरतें उघडेनासें होतें.

दुसरा वर्ग हुंगावयाच्या वस्तूंचा. लिखाण खोडण्याचा पांढरा द्रव, पंक्चर काढण्याचें सोल्युशन, थिनर, पेट्रोल ह्या वस्तु विकत घेण्यास ना फार पैसा लागतो, ना कोणाची चोरी. केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणींत असें दिसून आलें कीं, हुंगण्याचें हें व्यसन तेवढें प्रौढांपेक्षां मुलांत अधिक आहे. प्रौढांत तें शेंकडा ०.५८, तर मुलांत शेंकडा १.१७. ह्या वाफांनीं हृदयाची गति एकाएकीं बिघडून पहिल्याच वेळीं मृत्यु येऊं शकतो, ही गोष्ट मुलांना कोणी सांगितलेली नसते. तिसरा वर्ग आपल्या घरांतील औषधांचा. कोडीन असलेलें खोकल्याचें औषध, आजोबांच्या झोपेच्या गोळ्या, आजीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या फडताळांत उघड्या पडलेल्या असतात. चौथी वस्तु विजेवर चालणारी सिगारेट. ती कधीं लेखणीसारखी दिसते, तिला फळांचा वास येतो, म्हणून आईबापांस संशयहि येत नाहीं. आपल्या देशांत २०१९ सालापासून तिच्या विक्रीस कायद्यानें बंदी आहे. दारू, गांजा आणि गर्द हीं बहुधा ह्यांच्या मागून येतात. पहिल्या पायरीवर पाय ठेवणारा प्रत्येक मुलगा शेवटच्या पायरीपर्यंत जातोच असें नाहीं. परंतु शेवटीं गेलेल्यांपैकीं पुष्कळांनीं पहिली पायरी शाळेच्या वयांतच ओलांडलेली असते.

आतां मूल ह्या वाटेला कां लागतें, तें पाहूं. जिज्ञासा, मित्रांत उणें पडण्याची भीति, परीक्षेचा ताण, घरांतील भांडणें, एकटेपणा, अशीं पुष्कळ कारणें सांगतां येतात. त्यांपैकीं बहुतेकांच्या मुळाशीं एक समान गोष्ट असते. मुलाच्या मनांत जें चाललें होतें, तें ऐकून घेण्यास घरांत कोणाला सवड नव्हती.

मुंबईच्या इतिहासांत ह्याचें एक करुण उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत तेथील कापडाच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या पुष्कळ माता आपल्या तान्ह्या मुलांस अफूची बारीकशी गोळी देऊन कामावर जात. तिला 'बाळागोळी' म्हणत. मूल दिवसभर गुंगींत पडून राही. तें रडत नसे, दूधहि मागत नसे, आणि त्यामुळेंच रोडावत जाई. कधीं मात्रा अधिक झाली तर दगावेहि. त्या माता निर्दय नव्हत्या. दिवसभर यंत्रापुढें उभें राहिल्यावांचून त्यांची चूल पेटत नसे आणि मागें मूल सांभाळावयास कोणी नसे. आपण स्वतः जवळ राहूं शकत नाहीं, म्हणून त्यांनीं आपल्या ऐवजीं ती गोळी ठेविली. अशा घरांत अफूच्या दोषांवर कितीहि व्याख्यानें दिलीं असतीं तरी तीं फुकट गेलीं असतीं. कोणी तरी मुलाजवळ असणें, हाच तिच्यावरचा खरा उतारा होता.

ती बाळागोळी आतां गेली. परंतु आपल्या ऐवजीं कांहीं तरी वस्तु मुलाजवळ ठेवण्याची रीत गेली आहे काय, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें. सवड नाहीं म्हणून हातखर्चाचे पैसे वाढवावे, मोबाईल हातीं द्यावा, निराळी खोली करून द्यावी, आणि मूल गप्प आहे म्हणून समाधान मानावें, हा प्रकार सुखवस्तु घरांतहि दिसतो. गप्प असलेलें मूल सुखी असतेंच असें नाहीं.

आईबापांच्या सहवासाचा खरोखरीच इतका उपयोग होतो काय, अशी शंका कोणी घेईल. ह्या बाबतींत दूरच्या आइसलंड बेटाचा अनुभव ध्यानांत घेण्यासारखा आहे. १९९८ सालीं त्या देशांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४२ जण मागील महिन्याभरांत दारू पिऊन झिंगलेले होते. शेंकडा २३ रोज सिगारेट ओढीत आणि शेंकडा १७ जणांनीं गांजाच्या जातीचे पदार्थ घेतलेले होते. २०१६ सालीं हेच आंकडे अनुक्रमें ५, ३ आणि ७ वर आले. हें कशानें झालें ? त्यांनीं मुलांस भीति घालण्याचा मार्ग मुख्य मानला नाहीं. मुलांच्या खेळासाठीं व संगीतासाठीं सार्वजनिक पैसा खर्च केला. तंबाखू व दारू ह्यांच्या विक्रीस वयाची मर्यादा घातली. मुलांनीं रात्रीं किती वाजेपर्यंत बाहेर राहावें, हें कायद्यानेंच ठरविलें. आणि शाळाशाळांतून आईबापांना एकत्र आणून, मुलांबरोबर रोज अधिक वेळ काढण्याचें व एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवण्याचें त्यांजकडून ठरवून घेतलें. तो देश लहान आहे, त्याची परिस्थिति निराळी आहे. तरी शेवटच्या गोष्टीस ना सरकारी पैसा लागतो, ना कायदा. ती आपल्या आळींतहि करितां येण्यासारखी आहे.

आतां प्रत्यक्ष उपायांकडे वळूं.

पहिला उपाय स्वतःच्या वर्तनाचा. मुलास तंबाखू, विडी, सिगारेट किंवा दारू आणावयास कधींहि पाठवूं नये. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचे पदार्थ विकणें आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत ते विकणें, हे दोन्ही २००३ च्या कायद्यानें गुन्हे आहेत; मुलास कोणताहि मादक पदार्थ अथवा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट उदाहरणाची. ज्या वडिलांस स्वतःला व्यसन आहे, त्यांनीं तें लपवूं नये व त्याचें समर्थनहि करूं नये. 'मला ही संवय लागली, ती सुटतां सुटत नाहीं, मी प्रयत्न करीत आहें,' असें मुलास मोकळेपणानें सांगावें आणि खरोखरच प्रयत्न करावा. असा प्रयत्न मुलाच्या डोळ्यांपुढें झाला, तर शंभर उपदेशांचें काम तो एकटा करील.

दुसरा उपाय रोजच्या सहवासाचा. दिवसांतून निदान एक जेवण सर्वांनीं मिळून घ्यावें आणि त्या वेळीं मोबाईल दूर ठेवावा. 'किती गुण मिळाले ?' हा एकच प्रश्न रोज विचारल्यास मूल बोलावयाचें बंद होतें. आज मधल्या सुट्टींत काय झालें, कोण कोणाशीं भांडलें, मैदानावर कोण जिंकलें, असें विचारावें आणि उत्तर मिळालें म्हणजे मध्येंच उपदेश न करितां तें ऐकावें. ज्या मुलास लहानसहान गोष्टी घरीं सांगावयाची संवय असते, तेंच मोठी गोष्टहि घरीं सांगतें.

तिसरा उपाय माहितीचा. आपलें मूल कोठें जातें, कोणाबरोबर जातें आणि केव्हां परत येतें, हें आईबापांस ठाऊक असावें. त्याच्या मित्रांचीं नांवें व घरें माहीत असावींत. त्यांस आपल्या घरीं बोलवावें. त्यांच्या आईबापांशीं ओळख ठेवावी. घराचे नियम थोडे असावेत, कारण सांगून घातलेले असावेत, आणि आई, वडील, आजी, आजोबा ह्या सर्वांनीं ते एकसारखे पाळावेत. वडिलांनीं नाहीं म्हटलेलें आजीकडून मिळतें, असें एकदां कळलें कीं नियम संपला. हातखर्चाचा हिशोब मुलानेंच लिहावा. औषधें कुलुपांत असावींत. ह्या देखरेखीस हेरगिरीचें रूप मात्र येऊं देऊं नये; चोरून दप्तर तपासणाऱ्या घरांतलें मूल चोरून वागावयास शिकतें.

चौथा उपाय वेळेवर खरें सांगण्याचा. आठव्या-नवव्या वर्षापासून मुलाच्या समजुतीप्रमाणें ह्या विषयावर बोलावें, आणि अतिशयोक्ति करूं नये. 'एकदां घेतलें कीं मेलासच' असें सांगितलें आणि दुसऱ्या दिवशीं गुटखा खाणारा वर्गमित्र हसतखेळत दिसला, म्हणजे आईबापांची सर्वच पत जाते. तसेंच नाहीं कसें म्हणावें, हेंहि मुलास शिकवावें लागतें. 'मला नको' एवढे दोन शब्द मित्रांच्या घोळक्यांत उच्चारणें किती कठीण असतें, हें आपण मोठे लोक विसरतों. तेव्हां मुलास एक तयार सबब द्यावी : 'घरीं कळलें तर माझी धडगत नाहीं, मी चाललों.' आईबापांच्या नांवावर खुशाल ढकलूं द्यावें. आणि एक वचन द्यावें : 'तूं अडचणींत सांपडलास तर कोणत्याहि वेळीं आम्हांस फोन कर. आम्ही न्यावयास येऊं आणि त्या रात्रीं एक शब्दहि बोलणार नाहीं.'

पांचवा उपाय मुलास खरा आनंद मिळवून देण्याचा. मैदानावरचा घाम, तबल्यावरचा हात, विहिरींतलें पोहणें, डोंगरावरची चढण, चांगल्या पुस्तकाची गोडी, ह्या सर्वांनीं मेंदूंतील ती सुखाची यंत्रणा योग्य रीतीनें तृप्त होते. ज्याला असा एखादा छंद आहे, त्याला रिकामा वेळ खावयास उठत नाहीं. परीक्षा जवळ आली म्हणून मुलाचा खेळ प्रथम बंद करणारे पालक आपल्याच हातानें कुंपण मोडीत असतात.

इतकें करूनहि मूल व्यसनांत सांपडलें तर ? खुणा ओळखण्यासारख्या असतात : जुने मित्र तुटणें, शाळा चुकविणें, घरांतले पैसे नाहींसे होणें, डोळे लाल दिसणें, कपड्यांस रसायनाचा वास येणें, तोंड कमी उघडणें, झोपेच्या वेळा उलटणें. मात्र ह्यांतील एखादी खूण दिसली कीं लगेच आरोप करूं नये. चिडणें, दार लावून बसणें हें त्या वयाचा धर्महि असूं शकतें. बऱ्याच खुणा एकत्र दिसल्या म्हणजे शांतपणें विचारावें. मूल कैफांत असतांना वाद घालूं नये, सकाळपर्यंत थांबावें. मारहाण करूं नये, चारचौघांत लाज काढूं नये, आणि घराण्याच्या नांवासाठीं गोष्ट झांकूनहि ठेवूं नये. ताप आला असतां आपण वैद्याकडे जातों. येथेंहि तेंच करावयाचें. व्यसनमुक्तीसाठीं सरकारची १४४४६ ही दूरध्वनिसेवा आहे. संकटांतील मुलांसाठीं १०९८ ही सेवा आहे. पोलिसांच्या भीतीनें पुष्कळ आईबाप उपचारच टाळतात. परंतु १९८५ च्या अमली पदार्थांविषयींच्या कायद्यांतहि, अल्प प्रमाणाच्या अपराधांत सांपडलेला व्यसनी आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेईल व ते पुरे करील, तर त्यास खटल्यापासून संरक्षण दिलेलें आहे.

पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट ह्यांनीं पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' ही व्यसनमुक्तीची संस्था स्थापन केली. तेथें उपचारास आलेल्यास 'रुग्णमित्र' म्हणतात. ह्या एका शब्दांत पालकांनीं घेण्यासारखें पुष्कळ आहे. मुलगा गुन्हेगार नाहीं, रोगी आहे. आणि रोग्याशीं मैत्री तुटूं द्यावयाची नाहीं. सुटलेलें व्यसन कित्येकदां पुन्हां डोकें वर काढतें. त्यामुळें निराश न होतां पुन्हां उपचारास लागावें. तो ह्या रोगाचा स्वभावच आहे.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख तुमच्या वडीलधाऱ्यांसाठीं लिहिला असला, तरी एक गोष्ट तुमच्यासाठींहि आहे. जो मित्र पहिली पुडी फुकट देतो, तो दुसरीचे पैसे मागतो. आणि तुमचा एखादा सोबती ह्या वाटेला लागलेला तुम्हांस दिसला, तर त्याचें गुपित राखणें ही मैत्री नव्हे. ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास असेल, त्याला सांगा. सोबती कांहीं दिवस रागावेल. पण तो वांचेल.

आणि पालकहो, आज सायंकाळीं घरीं गेल्यावर मुलास हांक मारावीशी वाटेल, तेव्हां कांहीं आणावयास पाठवूं नका. 'चल, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून येऊं' एवढेंच म्हणा, आणि वाटेनें तो काय बोलतो तें ऐका.